उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत : आमच्या क्रूझचा हिशेब

गेल्या मे महिन्यात आम्ही पाच जण मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणाऱ्या क्रूझवर तीन रात्री राहून आलो. तेव्हापासून गावातला, शाळेतला किंवा नात्यातला जो कोणी भेटतो, तो आधी एकच प्रश्न विचारतो, "गुरुजी, एकंदर किती लागले?" या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायचे तर जाहिरातीतला आकडा सांगून चालत नाही आणि पावतीवरचा आकडा सांगूनही चालत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वे या गावापासून काही किलोमीटर आत असलेल्या आमच्या गावापासून समुद्र रात्रभराच्या रेल्वेप्रवासाइतका दूर आहे. जहाजाची पायरी चढण्याआधीच आमच्यासारख्यांचा बराच पैसा आणि दोन दिवस खर्च झालेले असतात. म्हणून हा हिशेब मी घराच्या उंबरठ्यापासून सुरू करून परत उंबरठ्यावर येईपर्यंतचा मांडत आहे. ज्यांच्या मनात अशी सहल आहे, त्यांनीही तो तसाच मांडावा असे मला मनापासून वाटते.

क्रूझच का, हे आधी सांगतो. माझी आई ६९ वर्षांची आहे आणि तिने आयुष्यात समुद्र पाहिलेला नव्हता. तिचे दोन्ही गुडघे दुखतात. शेगावला दर्शनाला जातानाही मध्ये दोनदा बसावे लागते. गोव्याला किंवा कोकणात नेले असते, तर रोज नवे लॉज, नवे जिने, सामानाची चढउतार आणि दिवसाला चार-पाच तास गाडीत बसणे, हे तिला झेपले नसते. जहाजावर एकदा खोलीत सामान ठेवले की ते तीन दिवस हलवावे लागत नाही, प्रत्येक मजल्यावर जायला लिफ्ट असते, जेवण खोलीपासून पाच मिनिटांवर असते आणि समुद्र तर चारही बाजूंना असतो. ज्येष्ठ माणसाला घेऊन जाणाऱ्या कुटुंबासाठी ही खरी सोय आहे. जाहिरातीत नाचगाणे आणि पोहण्याचा तलावच जास्त दिसतो, त्यामुळे ती लक्षात येत नाही.

पहिला मोठा प्रश्न पैशाचा नसून दिवसांचा होता. मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असतो, कारण पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो. आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची सोंगणी आणि मळणी चालू असते, दसऱ्यापासून कापूस फुटू लागतो आणि वेचणी पुढे डिसेंबरपर्यंत जाते, जानेवारीत तूर काढायची असते, फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा आणि गहू. दिवाळीच्या सुट्टीत मुले मोकळी असली तरी घरची मोठी माणसे मोकळी नसतात, कारण त्याच दिवसांत वेचणीला बाई मिळणे सर्वांत कठीण असते. उरतो तो मे महिना. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे मुलांच्या दृष्टीने वेळ भरपूर असतो. पण मृग लागण्याच्या आत शेत तयार हवे आणि मेच्या उत्तरार्धात समुद्रही मॉन्सूनच्या आधीची चाहूल देऊ लागतो. १ मे रोजी शाळेचा निकाल लागला की लगेचचा आठवडा, एवढीच फट आमच्या कामाची होती. सुट्टीचे दिवस म्हणून त्या आठवड्याचे भाडे चढे होते. जानेवारीतल्या एखाद्या मधल्या आठवड्यात हीच सहल स्वस्तात पडली असती, पण तेव्हा तूर उभी असते आणि शाळा चालू असते. हा जास्तीचा पैसा म्हणजे आपल्या शेतीच्या दिनदर्शिकेची किंमत आहे, असे समजून मी तो दिला.

आता भाड्याविषयी सविस्तर सांगितले पाहिजे, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतात. जाहिरातीत माणशी १८,००० रुपयांपासून असे लिहिलेले होते. हा आकडा सर्वांत स्वस्त खोलीचा, म्हणजे खिडकी नसलेल्या आतल्या बाजूच्या खोलीचा असतो. तो एका खोलीत दोन माणसे धरून माणशी काढलेला असतो आणि कर, बंदराचे शुल्क व सेवाशुल्क त्याच्या बाहेर असते. आम्ही निवडलेल्या तारखेला आतली खोली माणशी २१,००० आणि समुद्राकडे काचेची खिडकी असलेली खोली माणशी २५,००० रुपये होती. त्याच खोलीत तिसरा माणूस घेतला तर त्याला मात्र बरीच सवलत मिळते. आमच्या बाबतीत तिसऱ्या माणसाचे १२,००० लागले. एका खोलीत जास्तीत जास्त चार जण राहू शकतात, तेव्हा चौघांच्या कुटुंबाला एकच खोली सर्वांत स्वस्त पडते. आम्ही पाच असल्याने दोन खोल्यांना पर्याय नव्हता. चार जण एकीकडे आणि एक जण दुसरीकडे अशी विभागणी केली असती, तर एकट्या माणसाला जवळजवळ दोघांचे भाडे पडले असते. म्हणून आई, पत्नी आणि चौदा वर्षांची मुलगी खिडकीच्या खोलीत व मी आणि नऊ वर्षांचा मुलगा आतल्या खोलीत, अशी व्यवस्था केली. ज्या आईला समुद्र दाखवायला न्यायचे तिलाच बिनखिडकीच्या खोलीत झोपवणे मला पटत नव्हते, आणि त्या खिडकीसाठी दिलेले जास्तीचे पैसे या सगळ्या खर्चातले मला सर्वांत सार्थकी लागलेले वाटतात. पहाटे चारला उठण्याची तिची सवय जहाजावरही सुटली नाही. ती खिडकीशी बसून उजाडण्याची वाट पाहत असे.

मूळ भाडे असे १,०४,००० रुपये झाले. त्यावर बंदर शुल्क, सेवाशुल्क आणि कर मिळून ३४,५०० रुपये चढले, म्हणजे प्रत्यक्ष भरलेली रक्कम १,३८,५०० होती. तालुक्याच्या गावातल्या एका एजंटाने आम्हाला आधी जो आकडा कागदावर लिहून दिला होता, त्यात ही वरची रक्कम अजिबात नव्हती. विचारल्यावर ती नंतर बघू असे उत्तर मिळाले. मी त्याला विश्वासाने ५,००० रुपये आगाऊ दिले होते. ते परत मिळायला दीड महिना आणि कितीतरी चकरा लागल्या. त्यानंतर मी थेट कंपनीच्या संकेतस्थळावरून खोल्या घेतल्या आणि तिथे पैसे भरण्याआधी संपूर्ण रक्कम समोर दिसली. एजंटाकडून घ्यायचेच असेल तर सर्व कर धरून एकच अंतिम रक्कम, खोलीचा प्रकार, मजला आणि रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील, या चार गोष्टी लेखी घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. रद्द करण्याचा दिवस प्रवासाच्या जितका जवळ येतो, तितकी कापली जाणारी रक्कम वाढत जाते, आणि अगदी शेवटच्या दिवसांत तर जवळजवळ काहीच परत मिळत नाही. ज्या घरात वयस्कर माणूस आहे, त्या घराने ही अट दोनदा वाचावी.

जहाजाची तारीख ठरली तरी रेल्वेची तारीख अजून उघडायची असते. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधीच सुरू होते. त्यामुळे आम्ही जानेवारीत खोल्या घेतल्या आणि मार्चच्या सुरुवातीला सकाळी आठ वाजता मोबाइल हातात धरून विदर्भ एक्सप्रेसची तिकिटे काढली. सुट्टीतल्या गाड्या काही मिनिटांत भरतात. ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती पुन्हा सुरू झाली असेल या आशेवर राहू नये. मात्र खालच्या बर्थसाठीचा ज्येष्ठांचा कोटा अजून आहे. पाच जणांच्या एकत्र तिकिटात तो लागू होत नाही, म्हणून आईचे तिकीट मी वेगळे काढले आणि तिला खालचा बर्थ मिळाला. नऊ वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे पडते. तृतीय श्रेणी वातानुकूलित डब्याची जाण्यायेण्याची पाच जणांची तिकिटे ११,३०० रुपयांची झाली. स्लीपरने गेलो असतो तर यातले निम्म्याहून अधिक वाचले असते, आणि एरवी आम्ही स्लीपरनेच जातो. पण मे महिन्यात ४४ अंशांच्या उन्हात तापलेल्या डब्यात आईला रात्रभर बसवून दुसऱ्या दिवशी जहाजावर नेणे मला योग्य वाटले नाही.

इथे एक गोष्ट मी ठासून सांगतो. गाडी सकाळी मुंबईला पोहोचते आणि जहाज त्याच दिवशी दुपारनंतर सुटते, असा मेळ कागदावर छान बसतो, पण त्या भरवशावर राहू नये. रेल्वे तीन-चार तास उशिरा पोहोचणे ही आपल्याला नवी गोष्ट नाही, आणि जहाजावर चढण्याची वेळ सुटण्याच्या बरीच आधी बंद होते. जहाज कोणासाठी थांबत नाही आणि चुकले तर पैसे परत मिळत नाहीत. आम्ही एक दिवस आधी पोहोचलो आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळच्या लॉजमध्ये दोन खोल्या घेतल्या. त्याचे ६,४०० रुपये झाले. ते १,३८,५०० रुपयांचे रक्षण करणारे पैसे होते. बॅलार्ड पियरचे क्रूझ टर्मिनल त्या स्थानकापासून दोन किलोमीटरच्याही आत आहे, हे आपल्या बाजूने येणाऱ्यांचे भाग्यच म्हणायचे. पुणे-नाशिकहून मोटारीने येणाऱ्या पाहुण्यांना मुंबईतली वाहतूक ओलांडावी लागते, आपली गाडी मात्र थेट बंदराच्या दारात आणून सोडते.

त्या मोकळ्या दिवसाचा आम्ही आणखी एक उपयोग केला. गेटवे ऑफ इंडियावरून लाँचची छोटी फेरी घेतली, कारण आईला आणि मुलाला बोट लागते का हे मोठ्या जहाजावर चढण्याआधी कळावे असे मला वाटत होते. घारापुरीला जायचा विचार मुलीने मांडला होता, पण तिथल्या लेण्यांपर्यंत शंभराहून अधिक पायऱ्या आहेत आणि सोमवारी लेणी बंद असतात. आम्ही नेमके सोमवारीच मुंबईत होतो. लाँचमध्ये मुलाला थोडे मळमळले, आईला काहीच झाले नाही. बोट लागण्यावरची गोळी त्रास सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही, ती आधी घ्यावी लागते आणि तिने गुंगी येते. आईला रक्तदाबाची औषधे चालू असल्याने तिच्यासाठी कोणती गोळी चालेल हे ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घेतले होते. सोबत आलेपाक आणि सुंठीची पूड होतीच. खोली निवडताना जहाजाच्या लांबीच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची घेतली, तर हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. टोकाकडच्या आणि उंचावरच्या खोल्या जास्त हलतात. खालच्या मजल्यावरच्या खोल्या सहसा स्वस्तही असतात, त्यामुळे इथे पैसा आणि प्रकृती दोन्हींचा मेळ बसतो.

कागदपत्रांचे काम मला सोपे वाटले होते, पण त्यात वेळ गेला. भारतातल्या भारतात जाणाऱ्या क्रूझला पासपोर्ट लागत नाही, आधारसारखे शासकीय ओळखपत्र चालते. परंतु तिकिटावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव अक्षरश: सारखे असावे लागते. आमच्या आईचे नाव आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरे आणि बँकेच्या पासबुकात तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेले आहे. तिच्या पिढीतल्या अनेकांप्रमाणे तिचीही जन्मतारीख १ जानेवारी अशी नोंदलेली आहे. मी बुकिंग करताना पासबुकावरून नाव टाकले आणि नंतर ते दुरुस्त करून घ्यायला चार फोन करावे लागले. मुलाच्या आधारवर तो तीन वर्षांचा असतानाचा फोटो होता. पाच वर्षांनंतर बोटांचे ठसे आणि फोटो नव्याने द्यावे लागतात, ते आम्ही केलेले नव्हते. तालुक्याला जाऊन ते काम फेब्रुवारीतच उरकले. गरोदर स्त्री किंवा तान्हे बाळ सोबत असेल तर कंपनीचे नियम आधी विचारून घ्यावेत. बहुतेक जहाजांवर २४ आठवड्यांपुढील गरोदर स्त्रीला आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला घेत नाहीत.

बंदरावर मोठे सामान चिठ्ठी लावून आपल्याकडून काढून घेतात आणि ते काही तासांनी खोलीच्या दाराशी येते. म्हणून औषधे, ओळखपत्रे, मुलांचे बदलायचे कपडे आणि मोबाइलचा चार्जर हातातल्या पिशवीत ठेवावा. सामान यंत्रातून तपासले जाते. कपड्यांची इस्त्री, जोडतार (एक्स्टेन्शन बोर्ड), चाकू, सुरी असे काही चालत नाही, आणि बाहेरचे शिजवलेले अन्नही नेऊ देत नाहीत. आईच्या बटव्यात सुपारीचा अडकित्ता होता, तो त्यांनी पावती देऊन ठेवून घेतला. ती जरा नाराज झाली, पण मुलीने लगेच पावती स्वत:जवळ ठेवली आणि उतरताना परत घेण्याचे वचन दिले. आईसाठी चाकांची खुर्ची मागितली होती, ती बंदरावर लगेच मिळाली. मात्र ती बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवावी लागते.

जहाज सुटण्याआधी सर्व प्रवाशांना एका ठरलेल्या जागी जमवून लाइफ जॅकेट कसे घालायचे आणि संकटात कुठे जायचे हे दाखवतात. काही लोक याला कंटाळतात, पण मी मुलांना तिथे पहिल्या रांगेत उभे केले. १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यानंतर समुद्रावरील सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार १९१४ मध्ये प्रथम झाला. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आदळून ३२ माणसे गेली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ही कवायत झालेलीच नव्हती. त्या वेळच्या नियमाप्रमाणे ती २४ तासांत घेतली तरी चालत असे. त्यानंतर नियम बदलला आणि ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घेणे बंधनकारक झाले. घरातल्या प्रत्येकाला आपल्या जमण्याच्या जागेचा क्रमांक तोंडपाठ असला पाहिजे. तो आमच्या नऊ वर्षांच्या मुलाला सर्वांत आधी पाठ झाला.

जहाजावर रोख पैसा चालत नाही. प्रत्येकाला एक कार्ड मिळते, तेच खोलीची किल्ली आणि तेच खर्चाचे खाते. मुख्य भोजनगृहातले चारी वेळचे खाणे भाड्यात धरलेले असते. शाकाहारी जेवण वेगळे होते आणि आईला वरण-भात, भाजी-पोळी मिळत होती, तरी तिसऱ्या दिवशी तिला घरच्या ठेच्याची आठवण झालीच. भाड्यात नसलेल्या गोष्टी मात्र मोजून घ्याव्यात : थंड पेये, खास उपाहारगृहे, छायाचित्रे, खेळांचे काही प्रकार, इंटरनेट आणि गोव्यातली सहल. मुलांच्या कार्डावरची खरेदी मी पहिल्याच दिवशी जहाजावरच्या चौकशीच्या खिडकीवर जाऊन बंद करून घेतली आणि रोज रात्री खात्याची रक्कम विचारत राहिलो. तरीही ४,९०० रुपये झाले. त्यातला मोठा भाग एका कौटुंबिक छायाचित्राचा आहे, ते आज आमच्या बैठकीत लावलेले आहे.

मोबाइलबाबत सावध राहावे. किनारा दूर गेला की आपले नेटवर्क जाते आणि फोन जहाजावरचे उपग्रहाचे नेटवर्क पकडू शकतो, त्याचे दर फार जास्त असतात. जहाज सुटताच सर्वांचे फोन विमान-स्थितीत (एअरप्लेन मोडवर) टाकावेत. शेतकरी कुटुंबाला ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. आमच्या घरी एक गाय आहे आणि संत्र्याची सव्वादोनशे झाडे. मे महिन्यात अंबिया बहराची फळे झाडावर असतात, आणि त्या उन्हात पाण्याची एक पाळी चुकली तरी फळगळ होते. विजेची वेळ कधी दिवसाची, कधी रात्रीची. पुतण्याला सात दिवस घरी राहायला बोलावले आणि त्याच्या नको म्हणण्याकडे लक्ष न देता सात दिवसांच्या रोजाचे मिळून ३,५०० रुपये दिले. याशिवाय अडीअडचणीसाठी ५,००० रुपये त्याच्याजवळ वेगळे ठेवले. आम्ही पूर्ण दिवस समुद्रात असताना विहिरीवरची मोटर जळाली. त्याला आमच्याशी बोलणे शक्य नव्हते, पण हातात पैसे असल्याने त्याने त्याच दिवशी मोटर भरून, म्हणजे दुरुस्त करून, आणली आणि रात्रीच्या विजेवर पाणी दिले. वेगळे ठेवलेले हे ५,००० रुपये मी सहलीच्या खर्चात धरलेले नाहीत, कारण मोटर आम्ही घरी असतानाही जळाली असती. पण ते मागे ठेवले नसते, तर काय झाले असते याचा विचार नकोसा वाटतो.

गोव्यात जहाज मुरगाव बंदराला लागते. तिथून पणजी तीस किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे पाच-सहा तासांत सगळा गोवा पाहून होईल अशी अपेक्षा ठेवू नये. कंपनीची सहल माणशी महाग पडते. ती उशिरा परतली तरी तिच्यासाठी जहाज थांबते, हा तिचा एकमेव पण मोठा फायदा. आपण आपली टॅक्सी केली तर वेळेची जबाबदारी आपली. मुंबईसारखी ॲपवरून टॅक्सी सहज मिळेल हेही गोव्यात गृहीत धरू नये. आम्ही बंदराबाहेरच्या थांब्यावरून दिवसाची गाडी ठरवली, आईच्या इच्छेप्रमाणे मंगेशीचे दर्शन घेतले, एका शांत किनाऱ्यावर तासभर बसलो आणि परतीच्या वेळेच्या दोन तास आधी बंदरावर हजर झालो. गाडी, जेवण वगैरे मिळून ६,२०० रुपये झाले. त्या किनाऱ्यावर आईने ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावले आणि म्हणाली, "पानी त लय हाये बाप्पा, पन प्याले कामाचं नाही." बेंबळा आणि वर्धा या नद्यांच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाची ती पहिली पारख होती.

आता राहिलेले आकडे. गावाहून स्टेशनला जाण्यायेण्याची गाडी १,६००, मुंबईतले दोन दिवसांचे जेवण, टॅक्सी आणि लाँच मिळून ५,८००, प्रवास विमा १,३००. निघण्याआधीची खरेदी ९,००० रुपयांची झाली. त्यात आईच्या न घसरणाऱ्या चपला, मुलांचे पोहण्याचे कपडे (सुती कपड्यांत तलावात उतरू देत नाहीत), एक मोठी बॅग आणि औषधे आली. सर्व मिळून १,८८,५०० रुपये, म्हणजे माणशी ३७,७००. जाहिरातीतल्या १८,००० च्या दुपटीहून अधिक, आणि यात काहीही उधळपट्टी नाही. आमच्याकडे कोणतीही रक्कम पिकात मोजल्याशिवाय नीट कळत नाही, म्हणून तेही सांगतो. २०२४-२५ च्या हंगामात तुरीचा हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये होता. त्या भावाने ही सहल २५ क्विंटल तुरीची आहे. आमच्या कोरडवाहू रानात एकरी चार-पाच क्विंटल तूर होते.

एवढा पैसा एका हंगामाच्या उत्पन्नातून काढणे मला कधीच शक्य नव्हते. पगारातून दरमहा ५,००० रुपयांचे आवर्ती खाते अडीच वर्षे चालवले, वरचे काही हजार तुरीच्या पैशांतून घातले. हप्त्यांवर सहल देणाऱ्या योजना बँका आणि कंपन्या दोघेही देऊ करतात. ज्यांच्या डोक्यावर पीककर्ज आहे त्यांनी त्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. समुद्र कुठे जात नाही. पुढच्या वर्षी पैसे जमले तर पुढच्या वर्षी जावे. ज्यांना फक्त समुद्र आणि बोट अनुभवायची आहे, त्यांच्यासाठी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी, मोटारीही वाहून नेणारी मोठी रो-रो बोट आहे. ती २०२० पासून चालते, साधारण तासाभरात पोहोचवते आणि तिचे तिकीट शेकड्यांत आहे.

सिंगापूरसारख्या ठिकाणाहून सुटणाऱ्या परदेशी क्रूझविषयीही लोक विचारतात. तिथे पासपोर्ट, विमान आणि व्हिसा हे तिन्ही खर्च वाढतात, आणि जहाज देशाबाहेर जाऊन परत येत असल्याने एकापेक्षा अधिक वेळा प्रवेश देणारा व्हिसा लागतो. आमचा तो अनुभव नाही, म्हणून अधिक लिहीत नाही.

परतीच्या दिवसाचे नियोजन बहुतेक जण विसरतात. जहाज सकाळी मुंबईला लागते, नाश्त्यानंतर खोली सोडावी लागते आणि आपली गाडी संध्याकाळी असते. हे आठ-नऊ तास सामान आणि थकलेली माणसे घेऊन कुठे काढायचे, हे आधी ठरलेले हवे. आम्ही सामान स्थानकाच्या क्लोकरूममध्ये ठेवले (तिथे बॅगांना कुलूप असावे लागते), वातानुकूलित प्रतीक्षालयात आईला आणि पत्नीला बसवले आणि मी मुलांना जवळचे वस्तुसंग्रहालय दाखवून आणले. अडकित्ता उतरतानाच पावती दाखवून मिळाला होता. पहाटे धामणगावला उतरलो तेव्हा पुतण्या गाडी घेऊन उभा होता. आईने आधी मोटरीचे विचारले, मग संत्र्याचे, आणि गाडी गावच्या रस्त्याला लागल्यावर बटव्यातून अडकित्ता काढून सात दिवसांतली तिची पहिली सुपारी कातरली.